‘गाळ’मधली हाक

गिरजे,

तुझ्या खेळातल्या अव्वाला ‘आई’ मी केलं. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, म्हणूनच विचारलं नाही. आणि ते बदलायला तुला वेळ मिळू नये म्हणून प्रेसमधलं मशीन बिघडल्याची थाप मारली. मशीन धडधाकट होतं.

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. नेट कॅफेवाला संभा रोज म्हणतो, “अण्णा, ताईंवर कायतरी लिवा की. तुमी छापखान्यातली माणसं.” त्याला कसं सांगू, की मी जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासत आलो. स्वतः लिहायला बसलो की आधी चूक दिसते. म्हणून आज ती सगळ्यांत वर ठेवली. आता पुढचं लिहिता येईल. आणि पुढचं बरंचसं अभिमानाचं आहे, गिरजे. ते मात्र तू असताना मी नीट कधी बोललो नाही.

‘गाळ’ म्हणजे काय ते तुला सांगायला नको. पण हे वाचणाऱ्या पुष्कळांनी कॉम्प्युटरवरचा खेळ म्हणजे मोटारी पळवणं आणि गोळ्या झाडणं एवढंच पाहिलेलं असेल. त्यांच्यासाठी सांगतो, तू मधे बोलू नकोस.

कृष्णेचा पूर ओसरलेला आहे. एक लहान पोरगी आपल्या घराच्या दारात उभी आहे. घरात गुडघाभर गाळ. पोरीच्या हातात खोरं आणि घमेलं. खोऱ्यानं गाळ ओढायचा, घमेल्यात भरायचा, बाहेर नेऊन टाकायचा. बस्स. गुण नाहीत, शत्रू नाही, हरणं-जिंकणं नाही. मात्र गाळातून वस्तू निघतात. तांब्या, पाटी, जात्याचा खुंटा, एका पायातली चप्पल. वस्तू निघाली की शेजारच्या खोलीतून पोरीची अव्वा, म्हणजे आई, काहीतरी बोलते आणि ते बोलणं पडद्याच्या खालच्या अंगाला अक्षरांत उमटतं. “पाटी फुटली न्हाय न्हवं? मग रडतीस कशाला?” अव्वा दिसत नाही. आपण एका खोलीत जावं तर ती पुढच्या खोलीत गेलेली असते, नुसता भांड्यांचा आवाज येतो. सगळं घर साफ झालं की ती दिसते. बाहेरच्या कट्ट्यावर, आपल्याकडे पाठ करून, नदीकडे बघत बसलेली. तेव्हा पडद्यावर एकच बटण येतं, हाक मारायचं. हाक मारली की ती वळते आणि पहिल्यांदा तिचा चेहरा दिसतो. खेळ संपतो.

निदान तू रचला होतास तो खेळ असा संपत होता.

घर आपलंच होतं. शिरोळ भागातलं आपलं गाव, शाळेच्या वर्गात काढलेले पुराचे दिवस, आणि परत आल्यावर दारातून दिसलेला तो काळा चिखल. मी हायस्कूलला होतो, मला खोरं पेलत होतं. तू एवढीशी. करवंटीनं गाळ उपसायचीस आणि जिथं नुकतं झाडलेलं असेल नेमकं तिथं नेऊन टाकायचीस. अव्वा तुला ओरडली नाही. मला ओरडली, “तिला जागा दाव की. नुस्तं बगत काय ऱ्हायलाईस?” हे सगळं तू खेळात घातलंस. मी विसरून गेलो होतो.

ते तू कसं केलंस याचं मला आजही नवल वाटतं. दिवसभर कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरींना टायपिंग शिकवायचीस आणि घरी येऊन जेवणाच्या टेबलावरच्या त्या जुळवून घेतलेल्या कॉम्प्युटरपुढं बसायचीस. आम्ही जमिनीवर जेवायला लागलो ते तेव्हापासून. परदेशातल्या कुणीतरी फुकट वाटलेलं, खेळ बनवायचं सॉफ्टवेअर तू संभाच्या राजारामपुरीतल्या कॅफेत बसून उतरवून घेतलंस. पोरीची चाल जमेना, तर तुझ्या वहिनीला घमेलं घेऊन पुढून, मागून, कडेनं चालायला लावलंस. ती म्हणाली, “वन्सं, कमरंचा काटा ढिला झाला माझ्या. ह्या पोरीला जरा बसवा की कुटंतरी.” तू म्हणालीस, “वहिनी, पूर येऊन गेल्यावर बसती व्हय कोण?” खरंच, तुझ्या खेळातली ती पोरगी एकदाही बसत नाही.

अडचण आली ती अक्षरांची. त्या सॉफ्टवेअरला मराठी पचत नव्हतं. वेलांटी एकीकडे जायची, काना दुसरीकडे. मग तू तोड काढलीस, की प्रत्येक वाक्याचं चित्र करायचं आणि चित्र म्हणूनच ते खेळात घालायचं. तशी चित्रं निघायची माझ्या प्रेसमधल्या डीटीपीच्या मशीनवर. अव्वाची सगळी वाक्यं तू सुट्या कागदांवर लिहून माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, “अण्णा, जसं हाय तसं टाक.”

मी मुद्रितशोधक. जसं आहे तसं टाकणं माझ्या हाताला ठाऊक नव्हतं. ‘न्हाय’चं ‘नाही’ केलं. ‘मागनं’चं ‘नंतर’ केलं. आपल्याकडच्या बायका ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात, अव्वाही म्हणायची. तिला मी ‘मी जाते, मी येते’ म्हणायला लावलं. आणि शेवटच्या कागदावर, हाकेच्या बटणावर, ‘अव्वा’ होतं तिथं ‘आई’ बसवलं. आमच्या धंद्यात नको असलेल्या शब्दावर रेघ मारून समासात लिहितात, ‘गाळा’. तुझ्या खेळाचं नाव ‘गाळ’, आणि मी त्यातून अव्वालाच गाळलं.

‘न्हाय’चं ‘नाही’ करणं ही सवय म्हणता येईल. शेवटचा बदल ही सवय नव्हती. तुला ते कळलं होतं, म्हणून इतरांसाठी लिहितो.

नव्वद सालानंतरची ती वर्षं मी पुण्यात एका प्रेसमध्ये होतो. खोलीवर आम्ही चौघं. एकदा एसटीडी बूथवर अव्वाशी बोलताना मी सवयीनं मोठ्यानं “अव्वा, अव्वा” करत राहिलो, आणि मग कितीतरी दिवस खोलीवरची पोरं एकमेकांना ‘अव्वा’ म्हणून हाका मारत होती. चहा दे रे अव्वा. साबण कुठाय अव्वा. मीही हसायचो. त्यानंतर तू आणि अव्वा मला बघायला आलात. तुम्हांला घ्यायला मी स्वारगेटला आलो तेव्हा ती पोरं बरोबर होती. तुम्ही गाडीतून उतरून भलतीकडेच चालायला लागला होतात. मी हाक मारली, “आई!” अव्वा चालत राहिली. मी पुन्हा ओरडलो, “आई!” ती वळली नाही. का वळेल? तिला जन्मात कुणी त्या नावानं हाक मारली नव्हती. शेवटी तू तिचा पदर ओढलास. ती वळली, मला बघून तिचं तोंड फुललं आणि म्हणाली, “व्हय रं, कवाधरनं हुबा हाईस? हाक तरी मारायची.”

मी तिच्या हातातली पिशवी घेतली. अव्वा पुढं फार वर्षं राहिली नाही, आणि मी हाक मारली होती हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

म्हणून तुझा तो शेवटचा कागद हातात आला तेव्हा मला सगळं समजलं. कट्टा आपल्या घराचा होता, पण ती पाठ स्वारगेटवरची होती. तुझ्या खेळात तरी ‘आई’ म्हटल्यावर ती वळावी असं मला वाटलं असेल, असं नंतर मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. खरं ते नाही. मला फक्त ती गोष्ट झाकायची होती.

खेळ पुण्याच्या एका कॉलेजातल्या प्रदर्शनात मांडायचा होता. ज्या दिवशी सकाळी निघायचं त्याच्या आदल्या दुपारी मी तुला चित्रं आणून दिली.

“झालं व्हय मशीन चालू?” एवढं म्हणून तू ती एकेक करून जागेवर बसवलीस, आणि वाचत वाचत तुझा हात हळू होत गेला.

“अण्णा, ह्ये काय?”

“छापील मजकूर शुद्ध असावा लागतो. पुण्याचे लोक बघणार आहेत.”

“छापील कुटं हाय? अव्वा बोलतीया ती.”

“अव्वा कुणाला कळायचं नाही. लोक आजी समजतील.”

“समजू देत की.”

“हसतील.”

“कुणाला, अण्णा?”

मी चहाचा कप उचलून आत ठेवायला गेलो. परत आलो तर तू तशीच बसलेली.

“‘आई’ म्हटल्यावर अव्वा वळत न्हाय,” तू म्हणालीस. “तुला म्हाईत हाय.”

“खेळ तुझा आहे,” मी म्हणालो. “वळव तिला.”

तू खुर्ची पुढं ओढलीस आणि कामाला लागलीस. मला वाटलं, मी जिंकलो.

चित्रं नव्यानं करणं तुझ्या हातात नव्हतं. शेवट मात्र तुझ्या हातात होता. पुण्याला जो खेळ गेला त्यात ‘आई’ म्हणून हाक मारली की ती वळत नाही. किती वेळा मारा. ती नदीकडे बघत राहते आणि हळूहळू अंधार होतो. तू हे मला सांगितलं नाहीस. प्रदर्शनात एक मुलगी टेबलाशी उभी राहून डोळे पुसताना दिसली तेव्हा मी मागून पडद्याकडे पाहिलं, आणि मला कळलं.

बक्षीस मिळालं नाही. पण आपल्या टेबलापुढची रांग हटत नव्हती. एक परीक्षक मला म्हणाले, “भाषा फार स्वच्छ आहे हो.” मी उत्साहानं ते तुला येऊन सांगितलं. तू तार गुंडाळत होतीस. वर न बघता म्हणालीस, “व्हय. गाळ काढलास की तू सगळा.”

मग तू तो खेळ संभाच्या कॅफेत ठेवलास. आणि लोक काय म्हणतात ते ऐकायला क्लासवरून परस्पर तिथं जायला लागलीस. उलटा की-बोर्ड मांडीवर घेऊन त्यातली धूळ काढत पोरांच्या पाठीमागं बसायचीस. तो एक की-बोर्ड पावसाळाभर साफ होत होता.

“ओ संभादादा, ह्यात गोळी कुटल्या बटनानं मारायची?”

“गोळी न्हाय. खोरं हाय. खोरं मार.”

“आन दुश्मन?”

“गाळ.”

“आयला! घरात आय झाडू घे म्हणती म्हणून हितं पळून येतोय, आन हितं पैसं देऊन घमेली उचलाय लागलोय.”

“मग बंद कर की.”

“थांब की! तांब्या निघालाय.”

तांब्याशी सगळेच थांबायचे. ‘नीट धर, कड लागते’ एवढंच वाक्य होतं तिथं. माझ्या हातून धुऊन निघूनसुद्धा ते वाक्य जिवंत राहिलं, कारण त्या पोरीच्या हाताची तू काढलेली बोटं त्याच क्षणी जराशी मागं सरकायची.

कोडोलीचा तो टेम्पोवाला तुला आठवत असेल. पोराच्या ॲडमिशनचं काहीतरी काढायला आला होता, गर्दी होती म्हणून वेळ घालवायला बसला. सगळं घर त्यानं जाणत्या माणसासारखं काढलं, आधी चूल, मग कोनाडे, शेवटी उंबरा. आणि मग हाकेचं बटण दाबत बसला.

“पावणं, बटन तुटंल,” संभा म्हणाला.

“ही बाई वळत का न्हाय?”

“बिघाड आसंल कायतरी.”

“बिघाड न्हाय, पावणं,” तू मागून म्हणालीस. “हाक चुकली.”

“मग बरुबर हाक कुटली?”

तू की-बोर्डवर फुंकर मारलीस. “ती ह्या खेळात न्हाय.”

मी दारात उभा होतो, तुझा डबा घेऊन. डबा संभाच्या टेबलावर ठेवला आणि तसाच निघालो.

नंतर तू खेळ इंटरनेटवर टाकलास, घरी बनवलेले खेळ लोक जिथं टाकतात तिथं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी वाचायला मी तेव्हा शिकलो. काय काय लिहायचे लोक! एकानं लिहिलं, शेवटचं बटण दुरुस्त करा, मग पाच तारे देतो. एकीचं म्हणणं, आई पुरात गेली आहे, आपण मघापासून ऐकतोय ते फक्त आठवतंय. दुसरा तिच्याशी भांडला, छे, आई जिवंत आहे, ती रागावली आहे. कुणी नदी म्हणजे काळ असं सांगत पानभर लिहिलं. आणि एका मुलानं दोनच ओळी लिहिल्या होत्या. खेळ संपल्यावर घरी फोन केला. पुष्कळ दिवसांनी केला.

तू ही मतं मला वाचून दाखवायचीस. आवाज सपाट ठेवून, हिशेब सांगावा तसा. वाचून झालं की चष्म्यावरून माझ्याकडे बघायचीस. ती का वळत नाही हे फक्त आपल्या दोघांना माहीत होतं, आणि आपण दोघंही बोलत नव्हतो.

पण प्रेसमध्ये मी बोलायचो, गिरजे. तुला हे माहीत नाही. गिऱ्हाईक आलं की मी विषय काढायचो, तुम्ही नेटवर ‘गाळ’ खेळलात का, तो माझ्या बहिणीचा. माझ्या हाताखालून रोज पुस्तकं जातात. एवढ्या अनोळखी माणसांनी एखाद्या पुस्तकावर एवढ्या पोटतिडकीनं भांडलेलं मी पाहिलं नाही. माझी छाती फुगायची, आणि त्याच छातीत खाली काहीतरी टोचत राहायचं. लोक ज्या शेवटाला डोक्यावर घेत होते तो तू माझ्या लबाडीवर दिलेला जबाब होता. मी तुझा खेळ बिघडवला आणि एका दुपारी, उरलंसुरलं हाताशी घेऊन, तू त्यातून असं काही काढलंस की मुलं घरी फोन करायला लागली. अशी बहीण असल्याचा अभिमान धरावा की असा भाऊ असल्याची लाज, हे मला कळत नसे. आज विचारशील तर सांगतो, अभिमान. लाजेची वाट मला आता पाठ झाली आहे.

वर्षं गेली. तुझं आजारपण आलं. त्याबद्दल लिहीत नाही, तुला त्याचा कंटाळा होता. एका रविवारी तू उशीला टेकून बसलीस आणि म्हणालीस, “अण्णा, अव्वाला वळवायची हाय.”

जुने कागद केव्हाच रद्दीत गेले होते. तुला सगळं तोंडपाठ होतं. कॉम्प्युटर तुझ्या पलंगाशी आणला, तू सांगणार आणि मी टाइप करणार, नंतर प्रेसमध्ये जाऊन चित्रं काढणार. पण तू सरळ सांगशील तर ती तू कसली.

“म्हण. चूल आदी सारव, घर मागनं.”

“टाइप करतोय ना.”

“म्हण की.”

“चूल आधी...”

“आदी.”

“चूल आदी सारव. घर मागनं.”

“आता लिही. बगितलास? जीब झडली न्हाय.”

असे किती रविवार गेले. पहिल्या दिवशी माझ्याच आवाजाला मी दचकत होतो. पुण्याहून आल्यापासून ही बोली माझ्या तोंडात नव्हती. गिऱ्हाइकांशी, बायकोशी, तुझ्याशीसुद्धा मी पुस्तकासारखा बोलत आलो. तू थकायचीस, पण एक वाक्य गाळू दिलं नाहीस. मधेच अव्वाचा आवाज काढायचीस, आणि तुझी वहिनी स्वयंपाकघरातून “कोण आलंय ओ?” म्हणून बाहेर यायची. माझी अव्वा मला त्या पलंगापाशी परत मिळाली. याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले आहेत.

शेवटच्या वाक्याला, हाकेच्या बटणाला, मी थांबलो. म्हणालो, “गिरजे, तेव्हा मशीन बिघडलं नव्हतं.”

“म्हाईत हाय की.”

“कसं?”

“मशीन बिगाडलंय म्हनालास त्याच दिशी संभाच्या बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका तुमच्यातनं छापून आल्या. मीच बसून घड्या घातलो.”

“मग एवढी वर्षं बोलली का नाहीस?”

“तू कवा बोलतोस ते बगत हुतो.”

नवा खेळ संभाच्या कॅफेत लागला. तू सांगितलेला बदल त्यानं स्वतः केला आणि अव्वा वळली. तुला उठता येत नव्हतं म्हणून लोकांची मतं तो फोनवरून कळवायचा. पहिलंच मत आलं, “पयला शेवट बेस हुता ताई. रडू तरी यायचं.” तू इतकी हसलीस की मला पाणी आणावं लागलं. “बग अण्णा, तुझी लबाडी लोकांस्नी आवडलीया.” मग एकदा त्यानं नेसरीकडच्या एका मुलीचं सांगितलं, नर्सिंग शिकणारी. खेळ संपला, चेहरा दिसला. मग म्हणाली, “ह्या बाईला मी वळकतो. आमच्यात बी अव्वाच म्हणत्यात.” हे तू संभाकडून पुन्हा म्हणवून घेतलंस. फोन ठेवलास आणि भिंतीकडे तोंड करून पडलीस. मी विचारलं, दुखतंय का? तू म्हणालीस, “न्हाय. बरं वाटतंय.”

तुझ्या मातीला जी माणसं आली त्यातली निम्मी मी ओळखत नव्हतो. आपल्याकडे अशा वेळी माणूस नातं सांगतो, गाव सांगतो. ही पोरं जवळ येऊन सांगत होती, “मी गाळ खेळलोय.” कुणी म्हणालं, मी चुलीपाशी अडकलोतो. कुणी म्हणालं, ती चप्पल मला शेवटपर्यंत घावली न्हाय. कोडोलीचा टेम्पोवालाही आला होता. डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेली. “बाई वळली म्हणून कळलं. येऊन बगून गेलतो,” एवढंच म्हणाला. त्या गर्दीत मी ताठ उभा होतो, गिरजे. रडायचं सोडून मी बघत होतो, की माझ्या बहिणीनं किती घरांतला गाळ काढला.

आता राहिलं ते एकच, आणि ते तू गेलीस त्याच्या थोडं आधीचं आहे. नव्या खेळाच्या सीडी निघणार होत्या. कव्हरच्या आत काहीतरी छापून घालायचं असं मी ठरवलं होतं. पुस्तक छापून झाल्यावर चुका सापडल्या तर आम्ही प्रेसवाले एक चिठ्ठी चिकटवतो, तिला शुद्धिपत्र म्हणतात. तसा मजकूर तयार करून मी तुझ्यापुढं धरला. ‘पहिल्या आवृत्तीत मुद्रितशोधकाच्या नजरचुकीने काही चुका राहून गेल्या आहेत. त्याबद्दल दिलगीर आहोत.’ संभाही बसला होता.

तू कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचलास.

“‘आहोत’ म्हंजे कोण कोण?”

“तशी पद्धत असते.”

“आन नजरचूक?”

मी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

“ह्यो मुद्रितशोधक कोण? आपल्या गावचा हाय व्हय?”

संभानं हसू लपवायला तोंड फिरवलं. तू कागद माझ्या मांडीवर टाकलास. “अण्णा, अव्वाला वाचून दावलं तर तिला कळंल आसं लिही.”

मी तिथंच बसून लिहिलं. खूप खोडलं. झाल्यावर तू म्हणायची वाट न बघता मोठ्यानं वाचलं, संभादेखत, दार उघडं होतं तरी. तू डोळे मिटून ऐकलंस. एकही अक्षर न बदलता ते आता प्रत्येक सीडीबरोबर जातं.

‘पयल्या खेळात जितं जितं आई हाय तितं अव्वा वाचा. ती चूक गिरजेची न्हाय, छापखान्याची न्हाय. मी तिचा थोरला भाऊ. मला आमच्या अव्वाची लाज वाटलती, म्हणून मी मुद्दाम केलो. अव्वा, गिरजे, माजं चुकलं.’